कंपवाताच्या अवस्था : लक्षणांच्या क्रमाचा इतिहास (विशेष संदर्भ : मंडणगड परिसर)

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या दक्षिणेस मंडणगड तालुका वसलेला आहे. नाना फडणविसांचे वेळास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आणि १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला बाणकोटचा किल्ला यांमुळे या लहानशा तालुक्याचे नाव राजकीय व सामाजिक इतिहासात वारंवार येते. येथील आजारपणाचा इतिहास मात्र फारसा लिहिला गेलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील सरकारी आरोग्य-नोंदींचे लक्ष ताप, पटकी आणि देवी या साथींकडे होते. हळूहळू, वर्षानुवर्षे चढत जाणारा आजार अशा नोंदींत सहसा सापडत नाही.

कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, हा अशाच संथ आजारांपैकी एक होय. तो बहुधा साठीच्या आसपास सुरू होतो आणि दहा-वीस वर्षे सोबत राहतो. कोकणातील कर्ती माणसे मुंबईस जाण्याची परंपरा जुनी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, ही संख्या त्याच परंपरेची खूण आहे. अनेक घरांत मागे राहतात ते वृद्ध. अशा घरात आजोबांचा एक हात चालताना हलेनासा झाला, आजीचा आवाज बारीक झाला किंवा तांदूळ निवडण्यास तिला दुप्पट वेळ लागू लागला, तर ‘वय झाले’ हे निदान आधीच तयार असते. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून आलेल्या मुलाच्या लक्षात जे येते, ते रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आणि त्याच्या लक्षात येते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

वैद्यकीय पुस्तकांत कंपवाताच्या पाच अवस्था सांगितल्या जातात. पहिली सौम्य, पाचवी अंथरुणाला खिळलेली. हा क्रम निसर्गाने आखून दिल्यासारखा वाचला जातो. वस्तुतः तो दोन शतकांत, निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या ठिकाणांहून पाहून रचलेला आहे. कोणी रस्त्यावरून पाहिले, कोणी रुग्णालयाच्या दालनातून, कोणी सूक्ष्मदर्शकातून. पाहण्याची जागा बदलली की ‘पहिले लक्षण’ बदलले. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा घेतला आहे. मंडणगडसारख्या ठिकाणी रुग्ण नेमक्या कोणत्या पायरीवर दृष्टीस पडतो, हा प्रश्न त्या इतिहासाशी थेट जोडलेला आहे.

वेपथु आणि कंपवात

भारतीय वैद्यकाला कंप अपरिचित नव्हता. चरकसंहितेतील वातविकारांच्या गणनेत ‘वेपथु’ येतो आणि माधवनिदानात सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपाला वायूपासून होणारा वेपथु म्हटले आहे. ‘कंपवात’ हा आज मराठीत रूढ असलेला शब्द याच परंपरेतला. मात्र यावरून प्राचीनांना पार्किन्सनचा आजार जसाच्या तसा ठाऊक होता, असे म्हणणे घाईचे ठरेल. कंप पुष्कळ कारणांनी होतो. वृद्धांना होणारा सर्वसामान्य हातकंप हाही वेगळाच विकार आहे. तो पेला तोंडाशी नेताना वाढतो, तर पार्किन्सनचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो. वेपथूच्या व्याख्येत हा भेद नाही आणि लक्षणे कोणत्या क्रमाने येतात याचाही उल्लेख नाही. आयुर्वेदाची मांडणी दोषांवर आधारलेली होती. एका रोग्याचा दहा वर्षांचा प्रवास नोंदवणे हा तिचा हेतूच नव्हता. तिच्यावर ती अपेक्षा लादणे आणि तिच्यात नसलेले शोध काढून दाखवणे, ही दोन्ही टोके टाळलेली बरी.

लंडनच्या रस्त्यावरील सहा रुग्ण

१८१७ हे साल महाराष्ट्राला खडकीच्या लढाईसाठी माहीत आहे. त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन या वैद्याची ‘शेकिंग पाल्सी’ या विकारावरील छोटी पुस्तिका प्रसिद्ध झाली. पार्किन्सनचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. लंडनच्या हॉक्स्टन भागात तो आयुष्यभर व्यवसाय करीत राहिला. तो जीवाश्मांचा अभ्यासक होता आणि तरुणपणी टोपणनावाने सरकारविरोधी पत्रके लिहिणारा राजकीय कार्यकर्ताही होता. पुस्तिका लिहिली तेव्हा त्याने साठी ओलांडली होती.

तिच्यात रुग्ण अवघे सहा. त्यांतील दोघे त्याला रस्त्यात सहज भेटलेले, तर एकाला त्याने केवळ दुरून पाहिलेले. एक माळी होता, ज्याने हाताच्या थरथरीचे खापर कष्टाच्या कामावर फोडले. एक खलाशी होता. स्पेनच्या तुरुंगात ओल्या जमिनीवर झोपावे लागले म्हणून आपल्याला हे झाले, अशी त्याची समजूत होती. आजाराचे कारण आपल्या आयुष्यातच शोधण्याची ही वृत्ती कोकणातल्या ‘शेतात पाण्यात उभे राहून वात धरला’ या समजुतीहून फार वेगळी नाही.

दुरून पाहिलेल्या रुग्णाचे वर्णन विशेष लक्षणीय आहे. त्या गृहस्थाला चालणे अशक्य, धावणे मात्र शक्य होते. सेवक समोर उभा राहून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी, त्याला हलकेच पुढेमागे डोलवी, तोल सापडला की बाजूला सरके, आणि गृहस्थ वीसेक पावले धावत सुटला की पडण्यापूर्वी पुन्हा पुढे होऊन त्याला सावरी. आज ज्याला तोल ढळण्याची अवस्था म्हणतात, तिचे इतके नेमके चित्र पुढेही क्वचितच रेखाटले गेले. आणि ते रेखाटण्यासाठी पार्किन्सनला रुग्णाच्या अंगाला हातही लावावा लागला नव्हता.

या सहा जणांवरून त्याने क्रम बांधला. प्रथम एका हातात किंचित अशक्तपणा व थरथर. सुरुवात इतकी अलक्षित की रुग्णाला ती नेमकी केव्हा झाली हे सांगता येत नाही. वर्षभराने किंवा त्याहून अधिक काळाने दुसऱ्या अवयवात कंप. मग लिहिणे कठीण, चालताना शरीर पुढे झुकणे, पावले जलद व आखूड होणे. पुढे झोपमोड, घास गिळण्यास त्रास, अस्पष्ट बोलणे, लाळ गळणे. शेवटी परावलंबन. बुद्धी व संवेदना शाबूत राहतात, असेही त्याने लिहिले. ते पुढे अपुरे ठरले, कारण उत्तरावस्थेत अनेक रुग्णांना स्मृतिभ्रंश होतो.

या वर्णनात एक बारीक गोष्ट आहे. बद्धकोष्ठाचा उल्लेख पार्किन्सनने उत्तरावस्थेत केला, परंतु आतडी आधीपासूनच मंद होती असेही ओघात लिहिले. त्या शब्दांकडे पुढे दीर्घकाळ विशेष लक्ष गेले नाही.

पॅरिस : दालनातील निरीक्षण

पुस्तिकेला व्यापक मान्यता मिळाली ती फ्रान्समध्ये. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शेकडो वृद्ध स्त्रिया वर्षानुवर्षे राहत असत. तेथे १८६० नंतरच्या दशकांत झाँ-मार्तें शार्को याने कंप होणाऱ्या रुग्णांचे गट वेगळे केले. स्वस्थ असताना होणारा कंप आणि हालचाल करताना होणारा कंप यांतील भेद त्याने स्पष्ट केला. हालचालींतील मंदपणा हा स्नायूंच्या ताठरतेहून निराळा आहे, हे दाखवले. कंप नसतानाही हा आजार असू शकतो, असेही त्याने निदर्शनास आणले. रुग्णांचे बळ बराच काळ टिकते, म्हणून ‘पाल्सी’ म्हणजे पक्षाघात हे नाव चुकीचे, असे सांगून त्याने आजाराला पार्किन्सनचे नाव सुचवले.

कंपाविना कंपवात! मराठी नाव येथे अडचणीत येते. थरथर नाही म्हणजे कंपवात नाही, असे मानून कित्येक रुग्णांचे निदान लांबते, ते अंशतः नावामुळेच. ज्याच्यात केवळ ताठरता व मंदपणा आहे, त्याच्या दुखऱ्या खांद्यावर महिनोन्‌महिने तेल चोळले जाते.

गाडीच्या लांब प्रवासानंतर आपल्याला बरे वाटते, असे काही रुग्णांनी शार्कोला सांगितले. त्यावरून त्याने हादरे देणारी खुर्ची तयार करवून घेतली. मंडणगडहून मुंबईस एस.टी.ने गेलेल्या कोणालाही या उपचाराची कल्पना यावी. खुर्ची अर्थात टिकली नाही.

१९६७ : पायऱ्या आणि औषध

विसाव्या शतकात लक्ष मेंदूकडे वळले. १९१२ मध्ये फ्रिडरिश लेवीने रुग्णांच्या मेंदूतील पेशींत विशिष्ट गोलाकार पिंड पाहिले, आणि १९१९ मध्ये त्रेत्याकॉफने मध्यमस्तिष्कातील कृष्णद्रव्य या भागातील पेशींचा नाश या आजाराशी जोडला. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसनने डोपामिन या रसायनाचे महत्त्व दाखवले, तर १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व होर्निकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत ते अत्यंत कमी असल्याचे सिद्ध केले.

अवस्थांची आज प्रचलित असलेली गणना मात्र प्रयोगशाळेतून आली नाही. ती न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातील जुन्या नोंदवह्यांतून आली. १९४९ ते १९६४ या काळात तेथे आलेल्या रुग्णांची कागदपत्रे तपासून मार्गारेट होएन आणि मेल्व्हिन यार यांनी १९६७ मध्ये पाच पायऱ्या सुचवल्या. पहिलीत लक्षणे शरीराच्या एकाच बाजूस. दुसरीत दोन्ही बाजूंस, पण तोल शाबूत. तिसरीत तोल बिघडतो, तरी माणूस स्वावलंबी असतो. चौथीत परावलंबन मोठे, पण आधाराशिवाय उभे राहणे वा चालणे अजून शक्य. पाचवीत खुर्ची अथवा अंथरूण.

ही मोजणी अत्यंत सोपी आहे. तिला यंत्र लागत नाही, रुग्णाला चालवून पाहिले आणि पाठीमागून खांद्यांना हलकासा झटका दिला की पायरी ठरते. म्हणूनच ती जगभर पसरली. परंतु तिच्या दोन मर्यादा ऐतिहासिक आहेत. एक तर ती केवळ शरीराच्या हालचाली मोजते. मन, झोप, पोट, वास यांना तिच्यात स्थान नाही. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. ज्या रुग्णांवरून ती रचली गेली, त्यांच्या काळात प्रभावी औषधच नव्हते. त्यांचे मृत्युप्रमाण सर्वसाधारण लोकांच्या जवळजवळ तिप्पट होते.

आणि त्याच १९६७ साली, त्याच न्यूयॉर्क राज्यात, जॉर्ज कोत्झियास याने मोठ्या मात्रेतील डोपाच्या गोळ्यांनी रुग्ण उठून चालू लागल्याचे प्रसिद्ध केले. पायऱ्यांचे मोजमाप पूर्ण झाले आणि त्याच वर्षी त्या पायऱ्यांचा चढ बदलून टाकणारे औषध हाती आले. लेवोडोपाने चौथ्या पायरीवरचा माणूस काही काळ दुसरीवर येऊ शकतो. मात्र काही वर्षांनी गोळीचा अंमल आखूड होतो. सकाळी दहाला चालणारा माणूस बाराला खुर्चीला चिकटतो, आणि गोळी चढली की अंगाला नको त्या वळवळी सुटतात. अशा माणसाची अवस्था कोणती म्हणावी, दहाची की बाराची? होएन-यार पद्धतीत या प्रश्नाला उत्तर नाही. १९८७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये विस्तृत गुणांकनपद्धती तयार झाल्या, त्या मुख्यतः ही उणीव भरून काढण्यासाठी.

कोकणच्या कुंपणावरील औषध

लेवोडोपाच्या इतिहासाचा एक धागा कोकणच्या रानात पोचतो. खाजकुयली किंवा कुहिली या वेलीला कोकणात कोण ओळखत नाही? हिवाळ्यात तिच्या शेंगा सुकल्या की त्यांवरची लव अंगाला लागून आग होते. गुराख्यांची पोरे तिच्यापासून दूर राहतात, किंवा एकमेकांच्या अंगावर ती टाकतात. संस्कृतात हीच कपिकच्छू अथवा आत्मगुप्ता. आयुर्वेदात तिचे बी बल्य व वाजीकर म्हणून प्रसिद्ध आहे. चक्रदत्तातील माषबलादि क्वाथात उडीद, बला, रास्ना, अश्वगंधा व एरंड यांच्याबरोबर कुहिली येते. हिंग व सैंधव घालून, कोमट करून तो नाकावाटे द्यावा, पक्षाघात व मान ताठरणे यांवर त्याचा उपयोग होतो, असे तेथे सांगितले आहे.

डोपा हे द्रव्य १९१३ मध्ये गुगेनहाइम याने युरोपातील एका घेवड्याच्या जातीतून वेगळे केले. त्याने ते स्वतः अडीच ग्रॅम गिळून पाहिले, आणि त्याला उलट्या झाल्या. १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी यांनी कुहिलीच्या बियांतून तेच द्रव्य मिळवल्याचे प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याचा कंपवाताशी संबंध कोणालाच माहीत नव्हता. तो संबंध लागण्यास आणखी जवळजवळ पंचवीस वर्षे जावी लागली.

१९७८ मध्ये मुंबईच्या अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना कुहिलीचे चूर्ण देऊन त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये भारतातील अनेक केंद्रांनी मिळून ६० रुग्णांवर, १२ आठवडे, कुहिलीपासून केलेल्या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णांत सुधारणा झाली की नाही हे ठरवण्यासाठी ज्या मोजपट्ट्या वापरल्या, त्यांत होएन-यार यांच्या पायऱ्याही होत्या. कोकणातल्या कुंपणावरची वेल न्यूयॉर्कच्या नोंदवहीवरून मोजली गेली, ही इतिहासाची गंमतच म्हटली पाहिजे. २००४ मध्ये लंडनमधील आठ रुग्णांच्या चाचणीत ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू होऊन अधिक काळ टिकल्याचे आढळले.

यावरून रानातले बी वाटून खावे, असे मात्र मुळीच नाही. बियांतील डोपाचे प्रमाण वेलीच्या जातीनुसार बदलते, ते आधीच्या गोळ्यांत भर घालते, आणि मात्रा चुकल्यास उलट्या, रक्तदाब घसरणे व भ्रम संभवतात. गुगेनहाइमचा अनुभव पुरेसा बोलका आहे.

क्रम उलटला

१९८६ मध्ये अमेरिकेत शेंक व माहोवाल्ड यांनी झोपेच्या एका विकाराचे वर्णन केले. यात माणूस स्वप्नातील मारामारी प्रत्यक्ष करतो, ओरडतो, लाथा झाडतो, शेजारी झोपलेल्याला इजा करतो. १९९६ मध्ये त्यांनी कळवले की असा विकार असलेल्या २९ प्रौढ पुरुषांपैकी ११ जणांना काही वर्षांनी कंपवातसदृश आजार जडला. २०१३ च्या पुढील पाहणीत त्याच गटातील पार्किन्सन अथवा तत्सम आजार वा स्मृतिभ्रंश झालेल्यांचे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेले होते.

दरम्यान २००३ मध्ये जर्मनीच्या हाइको ब्राक व सहकाऱ्यांनी मेंदूतील लेवी पिंडांच्या पसरण्याच्या सहा अवस्था मांडल्या. त्यांच्या मते आजार कृष्णद्रव्यात सुरू होत नाही. तो वासाच्या केंद्रात आणि आतड्यांशी जोडलेल्या चेतातंतूच्या मुळाशी सुरू होतो आणि वर चढत तिसऱ्या अवस्थेत कृष्णद्रव्यापर्यंत पोचतो. सर्वच रुग्णांना ही मांडणी लागू पडत नाही, यावर वाद आहे. तथापि वास न येणे, बद्धकोष्ठ आणि झोपेतील ओरडणे ही लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी येऊ शकतात, याबद्दल आता फारसे दुमत नाही. पार्किन्सनने ओघात टाकलेल्या ‘आधीपासूनच’ या शब्दाला १८६ वर्षांनी अर्थ प्राप्त झाला. होएन-यार यांची पहिली पायरी ही वस्तुतः आजाराच्या मध्यावरची पायरी ठरली.

मंडणगडच्या वाडीवरून

मुंबईत या आजाराचा अभ्यास जुना आहे. पारशी वसाहतींतील सुमारे १४,००० लोकांची घरोघर पाहणी करून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भरूचा व सहकाऱ्यांच्या अभ्यासात लाखामागे ३२८ असे प्रमाण आढळले. त्या समाजात वृद्धांची संख्या मोठी, हे त्याचे एक कारण होते. २००१ मध्ये मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली, आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व कुटुंबीयांना एकत्र आणते. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या बापाला या सोयी मिळू शकतात, पण त्यासाठी बापाने मुंबईस जावे लागते, आणि तो जातो तो बहुधा पडल्यावर.

पडणे हे तिसऱ्या पायरीचे लक्षण. मंडणगडच्या वाड्या उतारावर आहेत आणि घरांना जोडणाऱ्या दगडी पाखाड्या पावसाळ्यात शेवाळतात. तोल ढळू लागलेल्याला भाताच्या बांधावरून जाणेही अवघड. येथे एक विलक्षण गोष्ट नमूद करावीशी वाटते. सपाट अंगणात पाय जमिनीला खिळलेला रुग्ण पाखाडीच्या पायऱ्या मात्र बऱ्यापैकी चढू शकतो, कारण पुढची प्रत्येक पायरी डोळ्यांना इशारा देते. इंग्लंडचे पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये जमिनीवर आडव्या रेघा आखून हेच दाखवले होते. घरच्यांचा मात्र गैरसमज होतो : चढता येते, मग अंगणात का अडतो? आळस की सोंग? अशा संशयाने म्हाताऱ्या माणसाला जो मनस्ताप होतो, तो कोणत्याही मोजपट्टीवर उमटत नाही. मुखवट्यासारखा स्थिर झालेला चेहरा पाहून ‘आजी रागावली’ असे नातवंडांना वाटते, तेही याच जातीचे. आणि झोपेत ओरडणाऱ्याकडे बाहेरच्या बाधेच्या दृष्टीने पाहिले गेले, तर पहिल्या खुणेचा निकाल भलतीकडेच लागतो.

तालुक्यातील घराघरांत आज पोचते ती आशा कार्यकर्ती. असंसर्गजन्य आजारांच्या सरकारी तपासणी-पत्रकात साठीपुढील व्यक्तींसाठी तिला विचारावयाचे मोजके प्रश्न दिलेले आहेत : उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावे वा पत्ता विसरायला होतो का. पहिला प्रश्न होएन-यार यांच्या तिसऱ्या पायरीचा आहे, दुसरा चौथीचा. फोडणीचा वास येतो का, रात्री झोपेत हातपाय झाडता का, चालताना एक हात हलेनासा झाला आहे का, हे प्रश्न त्या यादीत नाहीत.